तीन औषधं झाली, आता डॉक्टर शॉक म्हणतायत – आधी मेंदूच्या जोडण्यांचा स्कॅन करावा का?

कृष्णाकाठची | १४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहितेय कारण घरात कुणाशी बोलायची सोय राहिली नाही.

माझा धाकटा भाऊ, वय ४१, सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. हळकुंड कानाशी धरून मोडायचा आणि आवाजावरून माल किती वाळलाय ते सांगायचा, शेतकरीपण त्याचा शब्द मानायचे. २०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात गेलं तेव्हा आईला ह्यानंच बोटीत बसवून काढलं आणि परत वळून शेजारच्या आजींना आणायला गेला. हे मुद्दाम सांगतेय, कारण आता नातेवाईक म्हणायला लागलेत की तो पहिल्यापासनंच मनानं कच्चा होता. नव्हता.

पावणेतीन वर्षं झाली. आधी झोप गेली, मग जेवण, मग बोलणं. डिप्रेशन म्हणून निदान झालं. पहिली गोळी एसिटॅलोप्राम, पूर्ण डोसवर दोन महिने. मग व्हेनलाफॅक्सिन चार महिने. मग त्यात लिथियम वाढवलं. थायरॉईड, बी १२, साखर सगळं तपासून झालं. गोळी मी स्वतः हातावर ठेवते आणि पाणी देते, त्यामुळं चुकल्या असं नाही. मधे महिनाभर बरं वाटलं, परत तेच. गेल्या सोमवारी सकाळी बघितलं तर दारात एका पायात चप्पल घालून उभा, दुसरी समोरच पडलेली. मी आत जाऊन चार भाकरी करून आले तरी तसाच. काय रे म्हटलं, तर म्हणाला, "ताई, कळतंय घालायची, पण घालवत नाही."

आता मिरजेचे डॉक्टर म्हणतात ईसीटी करूया, म्हणजे शॉक. घरात रणकंदन. मामा म्हणतात शॉक दिला की माणूस खुळा होऊन परत येतो. नरसोबाच्या वाडीला पौर्णिमा करतोच आहोत, ते चालूच राहील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुण्यातला भाचा म्हणतो आजकाल एमआरआयमधे मेंदूच्या जोडण्या दिसतात आणि कुणाला कुठला उपचार लागू पडेल ते त्यावरनं ठरवतात, तर आधी तो स्कॅन करा, मगच शॉकचं बघा.

एकदा हात पोळलेत म्हणून विचारतेय. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरात 'ब्रेन मॅपिंग' म्हणून डोक्याला टोपी घालून वायरी लावल्या, लाल-निळे डाग असलेले रंगीत कागद दिले, २२ हजार घेतले. त्या कागदांवरनं कुठली गोळी द्यायची हे मात्र कुणीच सांगितलं नाही. आमच्या डॉक्टरांनी कागद बघून परत हातात दिले.

तर कुणाला माहिती आहे का, हा जोडण्यांचा स्कॅन खराच काही सांगतो का? आणि शॉकबद्दल कुणी जवळनं बघितलेलं असेल तर सांगा. ऐकीव नको.

येवतेश्वर | १४ जून, रात्री ११:५२

ताई, वाईट वाटू नका पण मी विरोधात आहे. माझ्या थोरल्या काकांना १९८४ साली शॉक दिलेले, मी तेव्हा बारा वर्षांचा, दाराच्या फटीतनं बघितलं. चौघांनी हातपाय धरलेले, अंगाचं धनुष्य झालेलं, नंतर दोन दिवस पाठ धरून कण्हत होते. काका पुढं बरे झाले हे खरं आहे, शेती केली, मुलींची लग्नं केली, पण ते दृश्य माझ्या डोळ्यापुढनं अजून जात नाही. स्कॅनचा मार्ग असेल तर तो आधी बघा.

सई_सा | १५ जून, सकाळी ७:१०

वाचतेय. ताई, काळजी घ्या. तुम्ही स्वतः जेवता ना वेळेवर?

बॅकस्पेस | १५ जून, सकाळी ९:४०

मी डॉक्टर नाही, पुण्यात डेटावर काम करतो, मूळचा इस्लामपूरचा. आमच्या घरात हाच आजार असल्यानं गेली चार-पाच वर्षं हे सगळं वाचतोय. भाचा म्हणतो त्यात तथ्य आहे, कुठपर्यंत ते सांगतो.

मेंदूच्या पुढच्या भागात आत खोल, दोन्ही अर्धांच्या मधोमध एक छोटी जागा आहे, नकाशातला तिचा नंबर २५. हेलन मेबर्ग नावाच्या डॉक्टर आहेत, त्यांना दिसलं की तीव्र डिप्रेशनमधे ही जागा जास्त तापलेली असते आणि उपचार लागू पडला की थंडावते. २००५ साली टोरांटोत त्यांच्या टीमनं कशालाच दाद न देणाऱ्या ६ रुग्णांच्या मेंदूत तिथं बारीक तारा बसवून सतत सौम्य करंट दिला. ६ पैकी ४ जण सुधारले, आणि सहा महिन्यांनी पण टिकून होते. त्यानंतर विचार असा फिरला की डिप्रेशन म्हणजे मेंदूत एखादं रसायन कमी पडलंय एवढंच नाही, मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी कसे बोलतात त्यात बिघाड आहे.

मग टीएमएस. त्यात कवटीवर बाहेरनं चुंबकाची कॉइल धरतात, कपाळाच्या डाव्या बाजूला वर. ती काही २५ नंबरपर्यंत पोचत नाही, तेवढी खोली नाही तिला. पण मायकेल फॉक्स आणि मंडळींनी २०१२ मधे दाखवलं की डाव्या कपाळामागची जी जागा २५ नंबरच्या उलट चालते, म्हणजे ही वर गेली की ती खाली, तिथं कॉइल पडली असेल तर फरक जास्त पडतो. रहाटाला दोन घागरी बांधल्यासारखं, एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते. वरनं हाताला लागणारी घागर धरायची आणि खोल विहिरीतली हलवायची.

स्टॅनफर्डवाल्यांनी हेच धरून प्रत्येक रुग्णाचा स्कॅन काढून त्याची त्याची जागा शोधली आणि दिवसाला १० वेळा असं ५ दिवस टीएमएस दिलं. २०२२ मधे त्यांचा अभ्यास आला, त्यात चार आठवड्यांनी खऱ्या उपचारवाल्यांचा आजाराचा स्कोअर सरासरी निम्म्यानं उतरला, खोटी कॉइल लावलेल्यांचा ११ टक्के. अमेरिकेत त्याच वर्षी त्याला मान्यतापण मिळाली. म्हणून मला वाटतं ताई, स्कॅन करून टीएमएसचा विचार शॉकच्या आधी करायला हरकत नाही.

जवारी_मिरज | १५ जून, दुपारी १:०५

बॅकस्पेस दादांनी छान सांगितलं, पण 'जोडणी' म्हटलं की लोकांना वायर तुटली असं वाटतं. आमच्या घरात तीन पिढ्या सतारी होतात, मी त्यातलं सांगतो.

सतारीला वरच्या वाजवायच्या तारा असतात आणि पडद्यांच्या खालनं तरफेच्या तारा जातात. तरफेला वाजवणारा सहसा हात लावत नाही. वरची तार त्या सुरावर आली की तरफ आपोआप बोलायला लागते. आमचे वडील लहानपणी आम्हाला शिकवताना तरफेवर कागदाचा तांदळाएवढा कपटा ठेवायचे, सूर जुळला असेल तर वरची तार छेडल्यावर तो कपटा टुणकन उडून पडायचा. दोन्ही तारांना मधे काही बांधलेलं नाही, तरी एक हलली की दुसरी हलते. मला वाटतं मेंदूच्या स्कॅनमधे असंच काहीतरी बघत असणार, कुठल्या दोन जागा एकत्र हलतात ते. बरोबर का दादा?

आणि एक. तरफ उतरली तर वाद्य मुकं वाटतं, पण नको त्या सुरावर चढली तर ते सारखं गुणगुणत राहतं, वाजवणाऱ्याला दुसरं काही ऐकूच देत नाही. माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर हा आजार झाला होता, ती सांगायची की डोक्यात तेच तेच दळण चालू असतं, बंद करता येत नाही.

बॅकस्पेस | १५ जून, दुपारी १:३०

अगदी बरोबर. ह्याच्याइतकं सोपं मी कुठंच वाचलं नाही. फंक्शनल एमआरआयमधे रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार बघतात आणि ज्या दोन जागा एकत्र चढतात-उतरतात त्या जोडलेल्या म्हणतात, मधे सरळ तार असो नसो. आणि तुम्ही सांगितलेलं दळण, त्याचंही जाळं आहे. माणूस काही काम करत नसताना, स्वतःत असताना जे भाग चालू राहतात त्याला मार्कस रेकल यांनी २००१ मधे डिफॉल्ट मोड असं नाव दिलं. डिप्रेशनमधे २५ नंबरची जागा ह्या जाळ्याशी जास्तच घट्ट बांधली गेलेली काही अभ्यासांत दिसली.

निळी_छत्री | १५ जून, संध्याकाळी ६:४५

येवतेश्वर दादा, तुम्ही बघितलं ते खरंच तसं होतं, तेव्हा पुष्कळ ठिकाणी भूल न देता करायचे. मी अकरा वर्षं ईसीटीच्या खोलीत नर्स म्हणून काम केलंय, आता रिटायर. ताईंना जवळनं बघितलेलं हवंय तर सगळं सांगते.

आदल्या रात्री डोक्यावरनं न्हायचं, तेल अजिबात लावायचं नाही, कारण तेलावर पट्ट्या नीट बसत नाहीत. आमच्याकडच्या बायका माहेरी निघाल्यासारख्या चापूनचोपून तेल लावून यायच्या आणि मग पहाटे केस धुवायची पळापळ. बोटांना नेलपॉलिश असेल तर काढायचं, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात ना. सकाळी उपाशीपोटी. हातात सुई, भूलवाले डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतात, माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो. मग स्नायू सैल करायचं इंजेक्शन. ते द्यायच्या आधी एका पायाला घोट्याच्या वर बीपीचा पट्टा आवळून बांधतो, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. तोंडात दातांमधे रबराचा ठोकळा. करंट काही सेकंद. आणि मग अख्खा माणूस शांत पडलेला असतो, फक्त त्या एका पावलाची बोटं थरथरत असतात. करंटनं मेंदूत आलेला झटका किती वेळ चालतो ते त्यावरनं कळतं, म्हणून आम्ही घड्याळ लावून तेच मोजायचो, साधारण अर्धं मिनिट ते मिनिटभर. पाऊल थांबलं की झालं. दहा-पंधरा मिनिटांत माणूस डोळे उघडतो, आम्ही नाव विचारायचो, गाव विचारायचो, आधी गोंधळतो, मग चहा मागतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करायचं औषध न देता ईसीटी करायला सरळ बंदीच आहे. त्यामुळं ताई, डॉक्टरांना "भूलवाले डॉक्टर हजर असणार ना?" एवढं विचारून घ्या आणि निर्धास्त रहा.

पोवईनाका | १५ जून, रात्री ९:१५

मी साताऱ्याची, टीएमएस स्वतः घेतलंय. पुण्यात मावशीकडं राहून सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज.

जागा कशी शोधली ते सांगते, कारण वर फॉक्सचं आलंय. स्कॅनबिन काही नव्हता. कॉइल डोक्यावर थोडी थोडी सरकवत टक टक करतात, एका जागी आली की उजव्या हाताचा अंगठा आपला आपण उडतो. मला हसूच आलं, सात महिन्यांत पहिल्यांदा. तिथं टोपीवर पेनानं खूण केली आणि तिथनं पुढं टेपनं मोजून ५ सेंटीमीटर. झालं, तीच जागा रोज. जुनी पद्धत तीच होती म्हणे, आणि सगळ्यांची डोकी सारखी नसल्यानं कुणाला ती बरोबर जागेवर पडते, कुणाला नाही.

सुतारपक्षी डोक्यावर बसल्यासारखं वाटतं. दुखतं थोडं पहिल्या आठवड्यात. भूल नाही, विसरायला होत नाही, झालं की मी रिक्षानं घरी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही नाही, आणि मग एक दिवस मावशीच्या गॅलरीत कुंडीतल्या मोगऱ्याचा वास आला. वास यायचा बंद झालाय हेच मला माहीत नव्हतं.

मी पूर्ण बरी झाले नाही, पण निम्म्याहून जास्त झाले. आठ महिन्यांनी परत घसरले, परत कोर्स घेतला, आता गोळी आणि समुपदेशन चालू आहे. ताई, तुमचा भाऊ रोज पुण्याला येऊन सहा आठवडे बसू शकेल का हे पण बघा, कारण मी तेव्हा चालत-बोलत होते, तो चप्पल घालू शकत नाहीये.

कास_पठार | १६ जून, पहाटे ५:३०

मी मानसोपचाराचा डॉक्टर, साताऱ्यात. ओपीडीच्या आधी लिहितोय म्हणून विस्कळीत होईल. ताई, तुमच्या भावाला मी बघितलेलं नाही, त्यामुळं निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण स्कॅनबद्दल स्पष्ट बोलतो.

आधी हे, की दोन औषधं पुरेशा डोसनं पुरेसे दिवस देऊन लागू पडली नाहीत की आम्ही अवघड डिप्रेशन म्हणतो. अवघड आजार आहे, अवघड माणूस नाही. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर पायरीपायरीनं औषधं बदलून बघितली, २००६ मधे निकाल आले. पहिल्या औषधावर साधारण तिघांत एक पूर्ण मोकळा झाला. दोन औषधं निष्फळ गेल्यावर तिसऱ्या पायरीला हेच प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास उतरलं. म्हणून तुमचे डॉक्टर चौथी गोळी न देता वेगळा मार्ग सुचवतायत, ते घाईनं नाही.

आता स्कॅन. बॅकस्पेस यांनी जे सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं आहे. २०१७ मधे हजारावर लोकांचे स्कॅन घेऊन डिप्रेशनचे जोडण्यांवरनं चार प्रकार पाडले आणि त्यातल्या एका प्रकाराला टीएमएस जास्त लागू पडतं असं आलं. फार गाजलं, मी स्वतः तेव्हा पेपर छापून भिंतीला लावला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या गटानं आपल्या रुग्णांवर तीच रीत लावली, ते चार प्रकार खात्रीनं काही सापडले नाहीत. एमोरी विद्यापीठात २०१७ मधेच, आधी कधीच उपचार न घेतलेल्या रुग्णांत, २५ नंबरच्या जागेच्या जोडण्यांवरनं कुणाला गोळी चालेल आणि कुणाला बोलण्याचे उपचार चालतील ह्याचा अंदाज बांधता आला, सुंदर काम आहे, पण तुमचा भाऊ त्या टप्प्याच्या फार पुढं आलाय. आणि स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासात लोक होते फक्त २९. ब्रिटनमधे २५५ अवघड रुग्ण घेऊन २०२४ मधे तुलना आली, निम्म्यांची जागा जोडण्यांवरनं ठरवली, निम्म्यांची साध्या एमआरआयवरनं. दोन्ही गट सुधारले, सहा महिने बघितलं, दोघांत फरक नाही.

सांगली जिल्ह्याचा उसाचा सरासरी उतारा कळला म्हणून तुमच्या बांधावरच्या एका उसात साखर किती हे कळत नाही. शंभर रुग्णांच्या सरासरीत जोडणीचा फरक स्पष्ट दिसतो, एकट्या माणसाच्या दहा मिनिटांच्या स्कॅनमधे तो डोकं जरा हललं, श्वास वेगळा पडला तरी बदलतो. त्यामुळं आज कुणी तुम्हाला "स्कॅन करा, मग उपचार सांगतो" म्हणत असेल तर पैसे देऊ नका. साधा एमआरआय गाठ-बिठ नाही ना हे बघायला करतात, तो वेगळा.

येवतेश्वर, काकांबद्दल वाचून मला खरंच वाईट वाटलं, आमच्या शाखेनं ते केलंय. पण ईसीटीनं जोडण्यांत फरक पडलेला दिसलाय हेही बघा. २०१२ मधे अ‍ॅबर्डीनमधे ९ रुग्णांचे ईसीटीच्या आधी आणि नंतर स्कॅन घेतले, डाव्या कपाळामागच्या भागाचं बाकी मेंदूशी जे वाजवीपेक्षा घट्ट बांधलं गेलेलं होतं ते ईसीटीनंतर सैल झालं होतं. नऊच माणसं, पण जवारी_मिरज म्हणाले तसं, चढलेली तरफ उतरवल्यासारखं.

केटामाईन, म्हणजे भुलीचंच एक औषध, त्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून सांगतो. २०२३ मधे केटामाईनची सलाईन आणि ईसीटी अशी थेट तुलना झाली, भ्रम वगैरे नसलेल्या रुग्णांत केटामाईन कमी पडलं नाही, ५५ टक्क्यांना गुण आला, ईसीटीनं ४१. म्हणजे तो मार्ग पण खरा आहे आणि डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे. पण जो माणूस दारात गोठून उभा राहतो, जेवण सुटलंय, त्याच्यासाठी बहुतेक जण आधी ईसीटीच म्हणतील, मी पण.

आणि ताई, त्याला एकांतात सरळ विचारा, जगावंसं वाटत नाही असं होतं का, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट सुटका होते. हो म्हणाला तर त्याच दिवशी दवाखाना, वाट बघायची नाही. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन, १४४१६, मराठीत बोलतात.

कृष्णाकाठची | १६ जून, रात्री १०:४०

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरसाहेब, मी आज विचारलं. गच्चीवर कपडे काढायला गेलो होतो तेव्हा. आधी गप्प बसला, मग म्हणाला "रोज." एवढंच. मी त्याचा हात धरून तिथंच बसले, कपडे तसेच. त्याला रडू आलं, कितीतरी महिन्यांनी. मिरजेला लगेच फोन केला, उद्या सकाळी ॲडमिट.

एकच विचारायचंय. आठवणी जातात का? त्याला पेढीचे सगळे हिशेब तोंडपाठ असायचे.

निळी_छत्री | १६ जून, रात्री ११:०५

खरं सांगते. उपचार चालू असतानाचे आठवडे आणि त्याच्या थोडंसं आधीचे दिवस धुक्यासारखे होतात, त्यातलं बरंचसं महिन्या-दोन महिन्यांत परत येतं, काही येत नाही. कुणाकुणाच्या जुन्या आठवणीतल्या पण काही जागा रिकाम्या राहतात, हे लपवणार नाही. शिकलेलं काम, हिशेब, माणसं सहसा जात नाहीत. एक वही करा. रोज कोण आलं, काय जेवला, काय बोलणं झालं ते लिहा, त्याला नंतर वाचायला होईल. आमच्याकडं ज्यांच्या घरच्यांनी वही ठेवली ते लोक कमी घाबरायचे.

कास_पठार | १७ जून, सकाळी ६:१०

दोन भर. डोक्याच्या फक्त उजव्या बाजूनं ईसीटी देता येतं, त्यात विसरणं कमी होतं, विचारून बघा. आणि लिथियम चालू आहे हे भूलवाल्यांना स्वतः सांगा, ईसीटीच्या काळात ते बहुतेक वेळा बंद किंवा कमी करतात, नाहीतर गोंधळलेपण वाढू शकतं.

येवतेश्वर | १७ जून, सकाळी ८:००

ताई, मी परवा जे लिहिलं ते मागं घेत नाही, पण आता म्हणतो करा. मी दर आठवड्याला मिरजेला मालासाठी येतो. दवाखान्यात कुणी बसायला लागलं तर सांगा, मी येऊन बसेन.

कृष्णाकाठची | ५ जुलै, दुपारी ३:३०

सगळे विचारताय म्हणून लिहिते. सहा झाले. पहिल्या दोनांनंतर काहीच नाही, मामा म्हणालेच बघ मी सांगत होतो. तिसऱ्यानंतर त्यानं स्वतः उठून पाणी घेतलं. चौथ्यानंतर नर्सबाईंना म्हणाला चहात साखर कमी आहे. मी खोलीच्या बाहेर जाऊन रडले.

गोंधळ होतो, हे खरं. एकदा उठल्यावर मला आई म्हणाला. वही करतेय निळी_छत्री ताई, ३१ पानं झाली. येवतेश्वर दादा दोनदा येऊन बसले, त्याला भडंगचा पुडा आणला होता, दोघं काही न बोलता खात होते. मामा अजून बोलत नाहीत माझ्याशी.

पोवईनाका | ५ जुलै, संध्याकाळी ५:२०

साखर कमी आहे!! ताई, हे फार मोठं आहे. मला मोगऱ्याचं आठवलं.

बॅकस्पेस | ५ जुलै, रात्री ८:१५

खूप बरं वाटलं वाचून. मी पहिल्या दिवशी स्कॅनकडं तुम्हाला ढकलत होतो, चूक झाली ती. मला वाटत होतं कारण कळल्याशिवाय उपचार म्हणजे अंधारात तीर. २०१८ मधे मेबर्ग यांच्या टीमनं ११ जणांच्या मेंदूत तारा बसवताना मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या पांढऱ्या धाग्यांचा प्रत्येकाचा नकाशा काढून ठरलेल्या चार धाग्यांच्या गाठीवर नेम धरला आणि वर्षभरात ९ जण सुधारले, ते वाचल्यापासून मी फार आशेवर आहे, अजूनही आहे. पण ती डोकं उघडून करायची शस्त्रक्रिया, मोजक्या लोकांवर झालेली, आणि त्याला जून महिन्यात उपचार हवा होता.

कृष्णाकाठची | ११ ऑगस्ट, रात्री ९:५०

नऊ झाल्यावर डॉक्टरांनी थांबवलं. घरी येऊन साडेतीन आठवडे झाले. झोपतो, जेवतो, संध्याकाळी आयर्विन पुलावर जाऊन पाणी बघून येतो, यंदा किती चढलंय ते येऊन सांगतो. उदास दिवस येतात मधेच, पण चप्पल घालतो आणि जातो.

माझ्या मुलीचं अकरावीचं ॲडमिशन झालं तेव्हा तो दवाखान्यात होता, पेढे खाल्ले होते त्यानं, फोटो आहे. तो दिवस त्याच्याकडं नाही. वही वाचून दाखवली तर म्हणाला, "मी होतो का तिथं? बरं झालं लिहिलंस." मुलीला थोडं लागलं ते, पण तिनं परत पेढे आणले.

परवा पेढीवर अर्धा तास घेऊन गेले. हिशेब सगळे आहेत डोक्यात, मालकांनी दोन विचारले, दोन्ही बरोबर. एका पोत्यातलं हळकुंड उचलून कानाशी मोडलं आणि म्हणाला, दमट लागलीय, पोती भिंतीपासनं सरकवा.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं. आता बरा आहे तर लिथियम परत चालू करायचं म्हणतात. मामा म्हणतात बरा झालाय तर परत कशाला गोळ्या.

कास_पठार | १२ ऑगस्ट, पहाटे ५:४५

चालू करा ताई, इथं ढिलाई नको. २००१ च्या एका अभ्यासात ईसीटीनं बरे झालेल्यांना नंतर नुसती खोटी गोळी दिली तर सहा महिन्यांत ८४ टक्के परत घसरले, नॉरट्रिप्टिलिन (डिप्रेशनची जुनी गोळी) आणि लिथियम दोन्ही दिलं त्यांच्यात ३९. मामांना हे आकडे सांगा, आणि त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा. लिथियम चालू झाल्यावर रक्तातली पातळी तपासायची असते, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, आधी किंवा उशिरा दिलं तर आकडा चुकतो. भरपूर पाणी, आणि उलट्या-जुलाब झाले तर लगेच फोन.

कृष्णाकाठची | १२ ऑगस्ट, सकाळी ७:३०

बरं. मग सोमवारी रात्री नऊला गोळी देते आणि मंगळवारी सकाळी नऊला रक्त. येवतेश्वर दादा मंगळवारी येणारच आहेत मिरजेला, त्यांच्याच गाडीतनं जाऊ. डब्यात पोहे घेते, रक्त दिलं की त्याला चक्कर येते.